धाप न लागता पळायला शिका: शून्यापासून पहिल्या मॅरेथॉनपर्यंत

पहिल्या दिवशी मी विजेचे चार खांब पळाले. पाचव्याला हात टेकवून वाकून उभी राहिले. कानात ठोके वाजत होते, तोंडाला लोखंडासारखी चव आली होती आणि घड्याळात जेमतेम एक मिनिट झालं होतं. पळणं आपल्या रक्तातच नाही, असा निकाल मी तिथल्या तिथे लावून टाकला.

निकाल चुकीचा होता, कारण चुकला होता तो फक्त वेग. मोठं झाल्यावर आपण पळतो ते सुटणाऱ्या गाडीमागे, नाहीतर अचानक आलेल्या पावसात. त्यामुळे 'पळ' म्हटलं की अंगाला तो एकच वेग आठवतो, आणि त्या वेगाने कुणालाही मिनिटाभरात धाप लागते. पहिली मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, पळायची तर हा वेग विसरायचा. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

दम लवकर वाढतो, हाडं उशिरा

नियमित पळायला लागलं की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो आणि हृदयाला प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त ढकलता येतं. महिना-दीड महिन्यात स्नायूंच्या पेशी ऑक्सिजन वापरण्यात तरबेज होतात. तुम्हाला वाटतं, जमलं की! पण स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं या घाईत सामील नसतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुनं हाड थोडं पोखरतं आणि मग त्या जागी नवं भरतं. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात हाड आधीपेक्षा किंचित नाजूक असतं, आणि नेमका त्याच वेळी दम वाढल्यामुळे तुमचा उत्साह उतू जात असतो.

मी याच सापळ्यात अडकले. सहाव्या आठवड्यात पळणं इतकं आवडायला लागलं की मी सुट्टीचे दिवसच काढून टाकले. नऊ दिवस सलग पळाले. दहाव्या दिवशी नडगीच्या आतल्या कडेला बोट लावलं तरी कळ यायला लागली. पाच आठवडे घरी बसले. पुढचं वेळापत्रक म्हणूनच काहीसं कंजूष वाटेल. ते मुद्दाम तसं आहे.

सुरुवातीआधी एक काम उरकून टाका. चाळिशी ओलांडली असेल आणि बरीच वर्षं बैठं आयुष्य गेलं असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, किंवा श्रम केल्यावर छातीत दुखणं, चक्कर येणं असं कधी झालं असेल, तर डॉक्टरांना भेटून मॅरेथॉनचा बेत सांगा. 'थोडं फिरायला जाणार आहे' असं गुळमुळीत नको.

पहिले दहा आठवडे: पळा, चाला, पुन्हा पळा

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. दर वेळी आधी पाच मिनिटं भरभर चालायचं, शेवटी पाच मिनिटं रमतगमत. मधला भाग असा:

- आठवडा १ आणि २: १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, ८ वेळा
- आठवडा ३ आणि ४: २ मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं, ७ वेळा
- आठवडा ५ आणि ६: ३ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, ६ वेळा
- आठवडा ७ आणि ८: ५ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, ५ वेळा
- आठवडा ९: १० मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, ३ वेळा
- आठवडा १०: सलग ३० मिनिटं

एखादा टप्पा जड गेला तर तोच पुन्हा करा. मी तिसऱ्या टप्प्यावर महिनाभर होते. उलट एखादा टप्पा अगदीच सोपा वाटला तरी पुढे उडी मारू नका. सोपं वाटतंय ते फुप्फुसांना. नडगीचं मत अजून यायचंय.

मध्ये चालणं म्हणजे हार मानणं नव्हे. जेफ गॅलोवे हा अमेरिकन धावपटू १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळाला होता. १९७४ पासून तो नवशिक्यांना ठरवून पळायला आणि ठरवून चालायला शिकवू लागला, आणि आज जगभर असंख्य लोक त्याच पद्धतीने पूर्ण मॅरेथॉन करतात. खुबी एवढीच, की दमल्यावर चालायचं नाही. दमायच्या आधी, घड्याळ सांगेल तेव्हा चालायचं.

मग पळायचं किती हळू? पळता पळता सतराचा पाढा म्हणा. पूर्ण पाढा मधे न अडखळता म्हणता आला तर वेग बरोबर. 'सतरा पाचे'पाशीच श्वास तुटत असेल तर हळू व्हा. शेजारून चालणारा माणूस पुढे निघून गेला तरी हळू व्हा. सुरुवातीला हे लाजिरवाणं वाटतं, मान्य आहे. लाज वाटली तर बिल बोवरमनची गोष्ट आठवा. हा अमेरिकेतला नावाजलेला ॲथलेटिक्स प्रशिक्षक १९६२ साली न्यूझीलंडला आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाकडे गेला. लिडियार्ड साध्या, वयस्कर माणसांना घेऊन सावकाश पळायचा. बोवरमन त्यांच्यात सामील झाला आणि सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाबरोबर पळताना त्याच्या तोंडाला फेस आला. परत गेल्यावर त्याने आपल्या गावात सावकाश पळण्याचे वर्ग काढले.

बूट, पावलं आणि बाकी सामान

बुटांबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. मी एका परिच्छेदात आवरते. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि लांब पळतानाही ते सुजतात. पळायला वापरणार ते मोजे घालून जा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र घट्ट बसायला हवी. दुकानातच थोडं पळून बघा. जो बूट पायात आहे हे विसरायला होतं तो घ्या, रंग आणि जाहिरात गेली खड्ड्यात. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. तारीख लिहून ठेवली की हिशेब राहतो.

सुती कपडे आणि सुती मोजे नकोत. घामाने जड होतात आणि घासतात. मांड्यांच्या आत, काखेत, स्त्रियांना स्पोर्ट्स ब्राच्या कडेला आणि पुरुषांना स्तनाग्रांवर घासून सोलवटतं. पळण्याआधी तिथे व्हॅसलीन लावा. हे विसरलात की नाही, ते अंघोळीचं पाणी अंगावर पडताच कळतं.

पळण्याच्या ढबीवर फार डोकं चालवू नका. नजर पुढे, खांदे सैल, मुठी अशा की हातात फुलपाखरू आहे. एक सुधारणा मात्र बहुतेक नवशिक्यांना लागू पडते: पावलं आखूड टाका. लांब ढांग टाकली की टाच शरीराच्या बरीच पुढे आपटते आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा आणि चारने गुणा; ती झाली मिनिटाची पावलं. १८० हा आकडा तुमच्या कानावर पडेलच. तो आला प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या निरीक्षणातून. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं त्यांनी मोजली होती. ते ऑलिंपिकचे खेळाडू, शर्यतीच्या वेगात. तुमचा आकडा १५८ असेल तर १६५ पर्यंत न्या, पुरे.

तीस मिनिटांपासून बारा किलोमीटरपर्यंत

सलग तीस मिनिटं पळता आली की माणसं उत्साहाच्या भरात लगेच मॅरेथॉनची नावनोंदणी करतात. थांबा. आता चार-पाच महिने पाया बांधायचा. आठवड्यात तीनाचे चार दिवस करा. त्यातला एक दिवस लांब पळण्याचा, आणि ते अंतर दर आठवड्याला किलोमीटरभरच वाढवायचं. तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करा. हाडांना भरून यायला अवधी याच आठवड्यात मिळतो. वाटेत एखादी ५ किंवा १० किलोमीटरची शर्यत पळा. बिब (छातीवरचा नंबराचा कागद) कुठे लावायचा, गर्दीत सुरुवात कशी होते, शौचालयाची रांग किती मोठी असते, हे सगळं तिथे स्वस्तात शिकून होतं.

आठवड्याला २५ किलोमीटर निदान दोन महिने विनातक्रार होत असतील आणि एका दमात १२ किलोमीटर जात असतील, तर मॅरेथॉन निवडा. शून्यापासून धरलं तर पूर्ण प्रवासाला साधारण वर्ष लागतं. सहा महिन्यांत करणारे भेटतील. त्यांचे गुडघे वर्षाने काय म्हणतात तेही विचारा.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ताकदीचे व्यायामही करा. ते कंटाळवाणे आहेत आणि टाळता येत नाहीत. स्क्वॉट, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं. आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. पळताना दर पावलाला पोटरी आणि टाचेमागचा स्नायूबंध शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार झेलतात. एका पायावर सलग पंचवीस वेळा झालं की पोटऱ्या कामाला लागल्या म्हणायचं.

अठरा आठवड्यांचा आराखडा

मंगळवारी ६ ते ८ किलोमीटर आरामात. गुरुवारी ८ ते १० किलोमीटर. शनिवारी ५ किलोमीटर, अगदी रेंगाळत. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं. सोमवार पूर्ण सुट्टी, बुधवार-शुक्रवार ताकदीचे व्यायाम. वार आपल्या सोयीने बदला, पण लाँग रनच्या दुसऱ्या दिवसाची सुट्टी बदलू नका.

लाँग रनचं अंतर आठवड्यागणिक असं जाईल: १२, १४, १६, १२, १८, २०, २१, १५, २३, २५, २७, १८, २९, २०, ३०, २०, १२ आणि अठराव्या आठवड्यात ४२.१९५. मधेच उतरणारे आकडे चुकून पडलेले नाहीत, तो त्या आठवड्याचा आराम आहे. लाँग रन साडेतीन तासांच्या वर गेला तर अंतर राहिलं तरी थांबा; त्यापुढे मिळणारा फायदा थोडा आणि सावरायला लागणारे दिवस फार. ४२ किलोमीटर सरावात पळायचे नसतात. हे प्रत्येक नवशिक्याला खोटं वाटतं, मलाही वाटलं होतं.

सहाव्या आठवड्यापासून गुरुवारी थोडी गंमत: दोन किलोमीटर आरामात, मग पाच मिनिटं अशा वेगात की तीन-चार शब्दच बोलता येतील, मग दोन मिनिटं रेंगाळत. असं चार वेळा. आणि तेराव्या व पंधराव्या आठवड्यातल्या लाँग रनचे शेवटचे ५ किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. पहिल्या मॅरेथॉनला एवढं भरपूर झालं. एखादा दिवस बुडाला तर बुडाला. दुसऱ्या दिवशी दुप्पट पळून भरपाई करायची नाही.

दुखणं आणि दुखापत यांतला फरक ओळखता यायला हवा. माझी कसोटी साधी आहे. कुठे दुखतंय ते दाखवायला पूर्ण तळहात फिरवावा लागला आणि दोन्ही पाय सारखेच दुखत असतील, तर ते बहुधा स्नायूंचं साधं दुखणं. एक ते तीन दिवसांत जातं. एका बोटाने नेमकी जागा दाखवता आली, ती हाडावर असली, पळताना दुखणं वाढत गेलं, चाल बदलली किंवा रात्री झोपेतही ठणकलं, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि तज्ज्ञाला दाखवायचं. हाडाला गेलेली बारीक चीर दुर्लक्षामुळे मोठी होते आणि मग महिने खाते.

पोटाचा हिशेब

पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला अडीच हजारांच्या आसपास लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, रूपात ठेवतात अंदाजे दोन हजार. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश सुटते. म्हणून ३० ते ३२ किलोमीटरच्या सुमारास धावपटू ज्याला 'वॉल' म्हणतात ती उभी राहते: पाय शिशाचे होतात, डोकं चालेनासं होतं, आणि पुढच्या दिव्यापर्यंतचं अंतर परक्या देशासारखं वाटतं. सुरुवातीला जितकं जोरात पळाल तितकं ग्लायकोजेन भराभर उडतं. सतराच्या पाढ्याचा इथेही उपयोग आहे.

उरलेली तूट रस्त्यात भरायची. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका जेलमध्ये (पळताना चोखायचं दाट, गोड पाकीट) बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात. पाकिटावर बघून घ्या आणि पाण्याबरोबरच घ्या. भूक लागायची वाट पाहिलीत तर उशीर झालेला असेल. आणि हे सगळं रविवारच्या लाँग रनमध्ये करून बघायचं, कारण पोटालाही सराव लागतो. माझ्या पोटाने पहिला जेल १८ व्या किलोमीटरला परत पाठवला होता.

पाणी तहान लागेल तसं प्या. कमी पिणं वाईट, पण अति पिणं जास्त धोक्याचं: रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटी रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं आढळलं. स्वतःची गरज कळायला लाँग रनच्या आधी आणि नंतर अंग कोरडं करून वजन घ्या. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेलं. थोडी घट चालते. वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त प्यालात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या खाऊन पळू नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर ताण आणतात, शिवाय थांबायची सूचनाही दाबून टाकतात.

शेवटचे तीन आठवडे

आता अंतर उतरत जातं. शेवटच्या आठवड्यात तर सगळं मिळून तास-दीड तास. या काळात मनाचे खेळ सुरू होतात. नसलेली दुखणी जाणवतात, फिटनेस गळून चाललाय असं वाटतं, घसा उगीच खवखवतो. काही गळत नाही. नवं काही करू नका: नवे बूट नाहीत, नवा व्यायाम नाही, कपाटं उचलून घर लावणंही नाही. झोप साठवा, कारण आदल्या रात्री ती नीट लागणार नाही आणि त्याने बिघडतही नाही. शेवटचे दोन दिवस ओळखीच्या पिष्टमय पदार्थांचं प्रमाण वाढवा, तंतुमय आणि तेलकट कमी करा.

वेगाचा अंदाज हाफ मॅरेथॉनच्या (निम्मं अंतर, सुमारे २१ किलोमीटर) वेळेवरून काढा: दुप्पट करा आणि वीस मिनिटं मिळवा. हाफ २ तास २० मिनिटांत झाली असेल तर ५ तास धरा, म्हणजे किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ७ सेकंद. पहिले पाच किलोमीटर मात्र ७:२० ने. सगळे तुम्हाला ओलांडून जातील. जाऊ द्या, त्यातले बरेच जण ३३ व्या किलोमीटरला पुन्हा भेटतात.

पाण्याच्या टेबलांपाशी दहा-वीस पावलं चालत प्या. कागदी पेल्याची कड दोन बोटांनी चिमटली की चोच तयार होते आणि पाणी नाकात जात नाही. घड्याळावर ४२.१९५ दिसलं आणि शेवटची कमान अजून लांब असली तर आयोजकांना बोल लावू नका. मार्ग मोजतात तो वळणांच्या सर्वांत जवळच्या रेषेने, आणि आपण गर्दी चुकवत नागमोडी पळतो, घड्याळ ४२.५ सहज दाखवतं. बोल लावायचाच असेल तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला लावा. १८९६ च्या अथेन्सच्या शर्यतीत अंतर ४० किलोमीटरच्या आसपास होतं. लंडनला विंडसर राजवाड्यापासून सुरुवात आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोर शेवट ठेवला आणि ४२.१९५ झाले. १९२१ साली तोच आकडा कायमचा ठरला. चाळिसाव्या किलोमीटरला मला हे आठवलं आणि मी विंडसरच्या दिशेने मनोमन दोन शब्द बोलले.

कमानीखालून गेल्यावर लगेच बसू नका, पाय लुळे पडून चक्कर येते. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, अंगावर कोरडं काहीतरी घ्या, तासाभरात थोडं खा. दुसऱ्या दिवशी जिना चढता येतो, उतरता येत नाही. कठडा धरून उलटं उतरा, बरं पडतं. पायाच्या बोटाचं नख काळं झालं असेल तर ओढू नका, आपोआप जाईल. आठ-दहा दिवस फक्त चालणं. मग एका सकाळी सपाट रस्त्यावर वीस मिनिटं, पाढा म्हणत.